लेबलं ठेवणार आणि वह्या भंगारात घालणार? संग्रहालयाच्या विश्वस्तांना एक खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळ यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या संग्रहालयाचं नाव मी इथे लिहीत नाही. तुम्हाला पत्र कुणासाठी आहे ते कळेलच, आणि मला कुणाची बदनामी करायची नाहीये, मला वह्या वाचवायच्यात. मागच्या महिन्यात तुमच्या ऑफिसकडून माझ्या वडिलांच्या नावाने एक पत्र आलं. वडील जाऊन चार वर्षं झाली, ते आम्ही तुम्हाला तेव्हाच कळवलं होतं, तरी पत्र त्यांच्याच नावाने आलं. त्यात लिहिलंय की जागेअभावी "कलादृष्ट्या मूल्य नसलेल्या" वस्तूंचं निर्लेखन करायचं ठरलंय, आणि त्या यादीत आमच्या घराण्याने दिलेल्या काडेपेटी कारखान्याच्या सामानातल्या चौदा वह्या, लाकडी चौकटी, काड्यांच्या मसाल्याची भांडी आणि "किरकोळ कागद" आहेत. लेबलांचे अल्बम मात्र ठेवणार.

निर्लेखन म्हणजे काय ते मला नीट माहीत नव्हतं. एका ओळखीच्या सरकारी बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, अगं रजिस्टरमधून नाव कमी करायचं आणि भंगारात द्यायचं. ते ऐकल्यापासून मला धड झोप नाही. दोनदा फोन केला, एक ईमेल केला, स्वतः येऊन भेटले, तिन्हीकडे "वर कळवतो" एवढंच ऐकायला मिळालं म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहितेय.

आधी थोडं आमच्याबद्दल सांगते, कारण तुमच्या मंडळावर आता जे आहेत त्यातल्या बहुतेकांना हे सामान कुठून आलं ते माहीत नसणार.

माझे पणजोबा, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, मुंबईत एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून होते आणि ती पेढी जपानी काडेपेट्या आणून विकायची. त्या काळात आपल्याकडे घरोघरी पेटायची ती काडी एक तर जपानची नाही तर स्वीडनची असायची. मग १९२२ मध्ये सरकारने बाहेरून येणाऱ्या काडेपेट्यांवरची ड्युटी वाढवून ग्रोसला दीड रुपया केली. ग्रोस म्हणजे १४४ डब्या. सरकारला महसूल हवा होता, स्वदेशीचं प्रेम वगैरे काही नव्हतं त्यात, पण झालं असं की बाहेरचा माल एकदम महाग झाला आणि इथे काडेपेटी करणं परवडायला लागलं. मुंबईच्या आसपास बरेच छोटे कारखाने तेव्हाच निघाले. अण्णांनी पेढी सोडली, पणजीचे दागिने ठेवले, भावाकडून पैसे घेतले आणि १९२४ मध्ये कल्याणच्या पलीकडे एका भाड्याच्या वाड्यात कारखाना काढला. कारखाना म्हणजे काय तर लाकूड सोलायचं एक जुनं हाताने फिरवायचं यंत्र, काड्या कापायचं एक यंत्र, आणि बाकी सगळं हाताने.

लाकूड सावरीचं. सावर हलकी, मऊ, पांढरी, सोलायला सोपी. ओलं लाकूड यंत्रावर फिरवून कागदासारखी पातळ पट्टी काढायची, ती एकावर एक रचून काड्या कापायच्या, उन्हात वाळवायच्या. त्याआधी अमोनियम फॉस्फेटच्या पाण्यात भिजवायच्या, म्हणजे काडी फुंकल्यावर निखारा राहत नाही, नाहीतर फेकलेल्या काडीने घर पेटायचं. मग त्या काड्या एकेक करून लाकडी चौकटीच्या खाचांमध्ये बसवायच्या, हे काम बायकांचं, आणि ती भरलेली चौकट आधी गरम मेणात आणि मग मसाल्यात बुडवायची. मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट, गंधक, काचेची पूड आणि सगळं धरून ठेवायला सरस. डबीच्या बाजूला जो तपकिरी पट्टा असतो त्यात लाल फॉस्फरस. हे दोन मसाले एका खोलीत कधीच आणायचे नाहीत, त्यांना वाळलेलं एकत्र घासलं तर स्फोट होतो. आमच्याकडे त्या दोन खोल्यांच्या मधे अंगण होतं आणि एका खोलीतली चप्पल दुसऱ्या खोलीत घालायची नाही असा नियम होता. हा नियम घरात इतका मुरला की माझी आजी, जिने कारखाना चालू असलेला कधी पाहिलाच नाही, ती सुद्धा देवघरात जाताना म्हणायची चप्पल त्या खोलीची का या खोलीची.

तुमच्या यादीत "लाकडी चौकटी, मोडक्या, नग ६" असं जे लिहिलंय ना, त्या याच चौकटी. काळ्या पडल्यात त्या मेणाने, मोडल्यामुळे नाही.

अण्णांचा कारखाना बारा वर्षं चालला. त्याच सुमाराला स्वीडिश कंपनीने इथेच कंपनी काढली होती, १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे आपली विमको, आणि अंबरनाथला मोठा कारखाना उभा केला. ड्युटीची भिंत बाहेरच्यांसाठी होती, ते भिंतीच्या आत येऊन बसले. मी त्यांना दोष देत नाही, त्यांचं यंत्र चांगलं होतं, काडी सरळ होती, पावसाळ्यात सादळायची नाही, आणि अंबरनाथमधल्या कितीतरी घरांच्या चुली त्या कारखान्यावर पेटल्या, विमको नाका हे नाव आजही आहे. पण आमच्यासारख्यांचं त्यांच्यापुढे काय चालणार. त्यांच्या मागे इव्हार क्रूगर होता. त्याच्या घरचा धंदाही काडेपेटीचाच, त्याने तो वाढवत वाढवत जगातल्या निम्म्याहून जास्त काडेपेट्या स्वतःच्या मुठीत आणल्या, देशांच्या सरकारांना कर्ज द्यायचा आणि बदल्यात काडेपेटीची मक्तेदारी घ्यायचा. १२ मार्च १९३२ ला तो पॅरिसमध्ये गोळी लागून मेला आणि सगळा डोलारा कोसळला. त्या आठवड्याच्या पानावर अण्णांनी पेपरचं कात्रण चिकटवलंय. वही क्रमांक नऊ. उघडून बघा, अजून असेल तर.

आमचं कंबरडं मोडलं ते मात्र १९३४ च्या एक्साइजने, म्हणजे इथेच तयार होणाऱ्या मालावरच्या कराने. प्रत्येक डबीवर सरकारी बॅंडरोल, म्हणजे कराची कागदी पट्टी, चिकटवायची, आणि ती पट्टी आधी पैसे भरून विकत घ्यायची. माल विकला जाऊन पैसे हातात येणार दोन-तीन महिन्यांनी, आणि कर आधी. मोठ्या कंपनीला ते पेलतं, वाड्यातल्या कारखान्याला नाही. वह्यांमध्ये त्या दोन वर्षांत बॅंडरोलचं खातं कसं फुगत गेलं आणि मजुरीचं खातं कसं थकत गेलं ते ओळीने दिसतं. १९३६ च्या पावसाळ्यात मसाला ओला राहिला, तीन आठवड्यांचा माल गेला, आणि दिवाळीच्या आधी अण्णांनी कुलूप लावलं.

(कोकणपट्टीच्या हवेत हा धंदा मुळातच अवघड होता असं बाबा म्हणायचे. तमिळनाडूतलं शिवकाशी बघा. अय्या नाडार आणि षण्मुग नाडार हे दोघे चुलतभाऊ १९२२ च्या सुमारास कलकत्त्याला जाऊन काडेपेटी करायला शिकून आले आणि त्यांनी त्या कोरड्या, कमी पावसाच्या भागात हा धंदा उभा केला. तिथे हवा कोरडी, शेती पिकत नाही म्हणून माणसं कामाला तयार. पुढे लेबलं छापायला प्रेस आले आणि त्यातून अख्खं गाव छपाईचं झालं. त्यांची घराणी आज तिसऱ्या-चौथ्या पिढीतही त्याच धंद्यात आहेत.)

पुढे माझ्या आजोबांनी त्याच शिवकाशीच्या काडेपेट्यांची होलसेल एजन्सी घेतली, बाबांनी ती चालवली, सहाशे डब्यांचं एक बंडल अशा हिशोबाने, आणि २००७ मध्ये, डबी आठ आण्यांची एक रुपया झाली त्या वर्षी, बाबांनी गोडाऊन बंद केलं. म्हणजे करणारे आम्ही फक्त बारा वर्षं होतो, विकणारे पन्नासहून जास्त वर्षं. तरी घरात कुणी विचारलं की तुमचा धंदा काय, तर बाबा सांगायचे, आमचा काडेपेटीचा कारखाना होता.

तर हे सगळं सामान आम्ही २०११ मध्ये तुम्हाला दिलं. बाबा स्वतः टेम्पोत बसून आले होते, मी सोबत होते. तेव्हाच्या अभिरक्षकांनी, म्हणजे क्युरेटरनी, आम्हाला चहा पाजला, एकेक वस्तू हातात घेऊन बघितली आणि म्हणाले की औद्योगिक दालन होणार आहे त्यात हे पहिलं असेल. आम्ही एक पैसा मागितला नाही. पावतीवर लिहिलंय की "कायमस्वरूपी जतनासाठी". ती पावती माझ्याकडे आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार वह्यांबद्दल, आणि तीच सगळ्यात मोठी. तुमच्या अधिकाऱ्यांनी मला सांगितलं की वह्या मोडी लिपीत आहेत, कुणाला वाचता येत नाहीत, म्हणून त्यांचा उपयोग नाही. अहो, १९५० पर्यंत महाराष्ट्रातले निम्मे हिशोब मोडीत आहेत! मोडी वाचणारी माणसं आजही आहेत, ठिकठिकाणी वर्ग चालतात, रिटायर झालेली माणसं आवडीने शिकतायत, तुमच्याच शहरात मला दोन जण माहीत आहेत जे फुकट वाचून द्यायला तयार आहेत. आणि दुसरं म्हणजे सगळ्या वह्या मोडीत नाहीतच. चौदातल्या तीन बाळबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत आहेत, कारण त्या माझ्या पणजीने लिहिल्यात. तिची शाळा चौथीपर्यंत, मोडी तिला येत नव्हती. अण्णा खरेदी-विक्री लिहायचे आणि बायकांची हजेरी पणजी लिहायची. या तीन वह्या तुमच्या कुणी उघडून बघितल्या असत्या तर "वाचता येत नाहीत" हे वाक्य तुमच्या पत्रात आलं नसतं.

त्या हजेरीत काय आहे ते सांगते. रोज किती बायका आल्या, कुणी किती चौकटी भरल्या, कुणी घरी नेऊन किती ग्रोस डब्या भरून आणल्या, कुणाला किती पैसे दिले, कुणाचे राहिले. काही जणींची नावं पूर्ण आहेत, काहींची नुसती ओळख, म्हणजे अमक्याची सून, विहिरीजवळची म्हातारी, दोन लेकरांची. एक बाई सहा वर्षं रोज आहे, मग दोन महिने नाही, मग परत आहे आणि तिच्या नावापुढे "बाळ सोबत" असं लिहिलंय. त्या बायकांचं नाव दुसऱ्या कुठल्या कागदावर असेल असं मला वाटत नाही. सातबाऱ्यावर नाही, मतदार यादीत तेव्हा नाही, घरावर नाही. १८८८ मध्ये लंडनला ब्रायंट अँड मे च्या काडेपेटी कारखान्यातल्या पोरींनी संप केला, तो जगाला माहीत आहे कारण अॅनी बेझंट बाईंनी त्याच्याबद्दल लिहिलं, त्याच बेझंट बाई ज्या पुढे आपल्याकडे येऊन राहिल्या आणि १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. आमच्या वाड्यातल्या बायकांनी संप केला नाही, त्यांच्याबद्दल कुणी लेख लिहिला नाही. त्यांच्याबद्दल जे लिहिलंय ते पणजीच्या त्या तीन वह्यांत.

दुसरी तक्रार लेबलांबद्दल. ती तुम्ही दालनात लावलीत, छान फ्रेम करून, दिवे सोडून, लोक फोटो काढतात, मला त्याचा आनंदच आहे. पण खाली जे लिहिलंय ते चुकीचं आहे. चोवीस लेबलं लावलीत आणि सगळ्यांखाली "स्वदेशी काडेपेटी उद्योग, कल्याण परिसर" असं आहे. त्यातली आमच्या कारखान्याची फक्त पाच आहेत. बाकीची जपानची आणि स्वीडनची आहेत, अण्णांनी पेढीवर असताना नमुना म्हणून जमवलेली. परदेशी कंपन्या मुद्दाम आपल्या देवादिकांची चित्रं छापून माल इकडे पाठवायच्या, गिऱ्हाईकाला आपलं वाटावं म्हणून. म्हणजे जी लक्ष्मी तुम्ही स्वदेशी म्हणून मधोमध लावलीय ती बोटीतून आलेली आहे. अल्बमच्या मागच्या पानावर अण्णांनी प्रत्येक लेबल कुठून आलं ते लिहून ठेवलंय, हो, मोडीत. आमची पाच लेबलं एकाच रंगात छापलेली, साधी, थोडी वाकडी, ती तुम्ही कोपऱ्यात लावलीत. मी हे २०१९ मध्ये लेखी कळवलं होतं. पाटी अजून तीच आहे.

तिसरी गोष्ट लिहायला मला जड जातंय पण लिहिते. मी भेटायला आले तेव्हा तुमच्या एका सदस्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. म्हणाले ताई, त्या वह्यांत लहान मुलांच्या कामाचे उल्लेख आहेत, जळीताचे उल्लेख आहेत, ते बाहेर आलं तर तुमच्याच घराण्याचं नाव खराब होईल, जाऊ द्या की. त्यांनी ते माझ्या भल्यासाठी म्हटलं असेल. पण म्हणजे वह्या कुणीतरी वाचल्यात की! "वाचता येत नाहीत" आणि "वाचल्या तर बदनामी होईल" या दोन गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतील?

आणि हो, आहेत उल्लेख. आमच्या कारखान्यात लहान मुलं काम करायची. आठ-नऊ वर्षांची. पणजीने त्यांच्या नावापुढे "पोर" असं लिहून अर्धी मजुरी लावलीय. १९३१ च्या वहीत "जळीत" नावाचं एक खातं आहे, त्यात एका मुलीच्या औषधाचा, डॉक्टरच्या टांग्याचा आणि मग तिच्या आईला दिलेल्या पैशांचा खर्च आहे. नंतर ती मुलगी हजेरीत परत दिसत नाही. ती वाचली का नाही ते आम्हाला माहीत नाही. आजी सांगायची की पणजी त्या दिवसाबद्दल कधीच बोलली नाही, फक्त दर वर्षी त्या तिथीला ती उपास करायची आणि कशाचा ते विचारलं तर सांगायची नाही. आम्हाला ते खातं सापडलं तेव्हा तिथी जुळली. बाबा ते पान हातात धरून बराच वेळ बसले होते. मग ते म्हणाले, हे पान आधी दिलं पाहिजे, घरात ठेवलं तर पुढच्या पिढीत कुणीतरी फाडून टाकेल.

म्हणून दिलं आम्ही तुम्हाला. घरात सुरक्षित नव्हतं म्हणून. आणि आता तुम्ही तेच पान भंगारात घालताय, आमच्या नावाची काळजी म्हणून. आमच्या नावाची काळजी तुम्ही करू नका. काडेपेटीच्या धंद्याचा इतिहास लिहायचा तर मुलांशिवाय लिहिताच येत नाही, इथला पण नाही आणि शिवकाशीचा पण नाही. १९८६ मध्ये बालकामगारांचा कायदा आला, तरी १९९६ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाला शिवकाशीच्या केसमध्ये सांगावं लागलं की मुलाला कामाला लावणाऱ्या मालकाने दर मुलामागे २०,००० रुपये भरावेत. ज्यांच्या काडेपेट्या आम्ही विकत होतो त्या कशा भरल्या जात होत्या हे माझ्या बाबांना माहीत होतं, त्यांनी ते शेवटी शेवटी माझ्याजवळ कबूल केलं होतं. एजन्सीच्या काळातला पत्रव्यवहार पण त्याच "किरकोळ कागदां"मध्ये आहे.

चौथी तक्रार छोटी. वह्या कुठे आहेत ते मी बघितलं. मागच्या शेडमध्ये, पत्र्याखाली, जमिनीवर. दोन वह्यांना वाळवी लागलीय. खाली विटा ठेवून एक फळी टाकली असती तरी चाललं असतं. जागा नाही म्हणता, चौदा वह्यांना एक कपाट लागतं हो, त्याच्या एका खणात मावतात त्या. कपाटाचे पैसे मी त्याच दिवशी देते म्हटलं होतं.

आता मागण्या, सरळ सांगते.

निर्लेखनाच्या यादीतून आमच्या चौदा वह्या, सहा चौकटी आणि सगळे कागद ताबडतोब काढा आणि काढल्याचं लेखी कळवा. "किरकोळ" म्हणून जे लिहिलंय त्याची एकेका कागदाची यादी करा, यादी करायला माणूस नसेल तर मी आणि माझी भाची सुट्टीच्या दिवशी येऊन करू, तुमचा माणूस समोर बसवा हवं तर. वह्यांचं पान न् पान स्कॅन करून ते कुणालाही बघता येईल असं ठेवा, आणि मोडी वाचणाऱ्यांना बसायला टेबल द्या. लेबलांखालच्या पाट्या बदला, आमची ती आमची आणि जपानची ती जपानची. आणि दालनात लेबलांच्या शेजारी हजेरीची वही उघडी ठेवा, नावाच्या पानावर, आणि "जळीत" खात्याचं पान पण. खाली काय लिहायचं ते तुम्ही ठरवा, फक्त मुलं होती हे लिहा, आणि कारखाना आमच्या घराण्याचा होता हे पण लिहा. आमची हरकत नाही, माझ्या दोन्ही काकांनी, आत्याने आणि सगळ्या चुलत भावंडांनी मिळून सही केलेलं पत्र या आठवड्यात तुमच्या ऑफिसला पोचेल.

आणि यातलं काहीच जमणार नसेल तर मग आमचं सामान आम्हाला परत द्या. सगळं, लेबलांच्या अल्बमसकट. निवडून निवडून नाही. लेबलं तुमची आणि वह्या भंगाराची अशी वाटणी आम्हाला मान्य नाही, ते सगळं एकाच वाड्यातून निघालंय आणि एकत्रच राहील. परत मिळालं तर कुठे द्यायचं याची मी चौकशी सुरू केलीय.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांना पण एक विनंती आहे. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर या भागात ज्यांच्या आज्या-पणज्या काडेपेटीच्या कामाला जायच्या, कारखान्यात नाही तर घरी डब्या भरायच्या, त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा. सरसाचा वास, बोटांना चिकटलेला मसाला, असं काही कुणाला आठवतंय का, कुणी काही सांगायचं का. कदाचित पणजीच्या हजेरीतल्या एखाद्या "विहिरीजवळच्या म्हातारी"ला नाव मिळेल.

विश्वस्तांना शेवटचं. तुमच्या पत्रात तारीख दिलीय की पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला भंगारवाला येणार. तोपर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर त्या दिवशी सकाळी आठ वाजता मी टेम्पो घेऊन तुमच्या मागच्या गेटला उभी असेन. २०११ ची पावती सोबत असेल.

आपली,
देणगीदाराची मुलगी